ऑक्टाव्हिया आरएस पुढे कशी येईल?

बदनापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. 2001 मध्ये स्कोडाने तिथे ऑक्टाव्हिया या गाडीची जुळणी सुरू केली आणि 2004 मध्ये तिचं वेगवान रूप, आरएस, भारतात आणलं. इंजिन जेमतेम 1.8 लिटरचं, पण एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं, ते सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतं आणि लहान इंजिन मोठी ताकद देतं. ऑक्टोबर 2025 मध्ये आरएस परतली ती 2 लिटर, 265 अश्वशक्तीची. मात्र पूर्ण आयात केलेली, फक्त 100 गाड्या, किंमत 50 लाखांच्या घरात.

शेंद्र्यातच जुळणी केली तर आयात शुल्क वाचेल, हा मुद्दा रास्त आहे. पण इतक्या थोड्या गाड्यांवर जुळणीची यंत्रणा, चाचण्या आणि प्रमाणीकरणाचा खर्च भरून निघणं अवघड. उलट 2018 च्या नियमानुसार कंपनीला वर्षाला 2500 पर्यंत गाड्या इथल्या प्रमाणीकरणाविना आणता येतात. म्हणूनच आरएस यापुढेही मोजक्या संख्येने, अधूनमधूनच येईल, असं मला वाटतं. ही श्रीमंतांची चैन, असं कुणी म्हणेल. किंमत पाहता ते खरंच आहे. पण टर्बोचं तंत्र तिच्यापाशी अडकलेलं नाही. चाकणला बनणाऱ्या स्कोडाच्याच कुशाक आणि स्लाव्हिया या गाड्यांचं 1 लिटरचं इंजिन त्याच तंत्रावर 115 अश्वशक्ती देतं.