दुर्मिळ त्वचारोग आणि संशोधनाचे अर्थकारण

अर्थशास्त्रात 'गरज' आणि 'मागणी' या दोन शब्दांत काटेकोर भेद केला जातो. गरजेला खरेदीच्या ऐपतीची जोड मिळाली म्हणजेच तिचे मागणीत रूपांतर होते आणि बाजार दखल घेतो ती केवळ मागणीची. धान्य किंवा कापड यांच्या बाबतीत हा भेद परिचयाचा आहे. वैद्यकीय संशोधनालाही तो लागू पडतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. दुर्मिळ त्वचारोगांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

'पेम्फिगस' हा असाच एक रोग. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच त्वचेवर उलटते आणि तिच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी प्रथिने निकामी करते. पेशींची वीण उसवते, तोंडात व अंगावर फोड येतात, ते फुटून कातडी सोलवटते आणि घास गिळणेही असह्य होते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही रुग्णाचे ताट-पेला वेगळे होतात, नोकरीवर गदा येते. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा उतरत्या वयात गाठतो. आपल्याकडे तो ऐन कमावत्या वयातही पुष्कळदा दिसतो. १९५० च्या दशकात स्टेरॉइडे वापरात येईपर्यंत बहुतेक रुग्ण दगावत. स्टेरॉइडांनी प्राण वाचू लागले, पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या या औषधांनी मधुमेह, हाडांची झीज आणि जंतुसंसर्ग अशी नवी दुखणी मागे लावली.

यातून मार्ग काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात अशी पद्धत रूढ केली की, दर चार आठवड्यांनी लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथासोन शिरेवाटे द्यावयाचे आणि त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडची जोड द्यावयाची. दोन्ही औषधे जुनी व स्वस्त. देशभरच्या त्वचारोग विभागांनी ही पद्धत उचलली. तथापि सायक्लोफॉस्फामाइडमुळे अपत्यप्राप्तीच्या क्षमतेला धोका पोहोचतो. ज्यांचा संसार अजून उभा राहावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने ही किंमत लहान नाही. ती मोजणे कितपत अपरिहार्य आहे, हे ठरविण्यासाठी अनेक रुग्णालयांनी मिळून मोठी तुलनात्मक चाचणी घ्यावयास हवी होती. ती झाली नाही. स्वस्त औषधाची चाचणी घेऊन कोणत्याही कंपनीच्या पदरात काही पडणार नव्हते आणि शासनाला ते आपले काम वाटले नाही.

याउलट फ्रान्समध्ये २५ केंद्रांनी एकत्र येऊन ९० रुग्णांवर 'रिटुक्सिमॅब' या औषधाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध आणि अल्पकाळ स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर औषधाविना रोगमुक्त होते. केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पेम्फिगससाठी या औषधाला मान्यता दिली. भारतात त्याची देशी आवृत्ती २००७ पासून मिळते. पण मध्यमवर्गीय कुटुंबाचे कंबरडे मोडण्यास तिचीही किंमत पुरेशी आहे. मग साहजिक प्रश्न येतो: कमी मात्रेत भागेल काय? औषध विकणाऱ्याला या प्रश्नात स्वारस्य असण्याचे कारणच नाही. चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेने या दिशेने केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली; परंतु ती अवघ्या २२ रुग्णांची होती. एवढ्यावरून देशाचे उपचारधोरण ठरत नाही.

सरकारी पैसा अशा ठिकाणी काय करू शकतो, याचा दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. 'बुलस पेम्फिगॉइड' हा वृद्धांना होणारा फोडांचा दुसरा रोग. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक चालेल काय, हे पाहण्यासाठी सार्वजनिक निधीतून ब्रिटन व जर्मनीतील ६१ केंद्रांत २५३ रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचा निष्कर्ष आला. सहा आठवड्यांत स्टेरॉइडने ९१ टक्के आणि डॉक्सिसायक्लिनने ७४ टक्के रुग्णांचे फोड आटोक्यात आले. मात्र वर्षभरात उपचाराचे गंभीर दुष्परिणाम स्टेरॉइडच्या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के रुग्णांना झाले. थोडा कमी गुण, पण निम्मा धोका! वृद्ध रुग्णाला निवड करता येईल अशी ही माहिती कोणत्याही कारखान्याने दिली नसती.

बाजारालाच उत्तेजन द्यावे, असा एक पक्ष आहे. दुर्मिळ रोगांवरील औषधांना सात वर्षे विक्रीची मक्तेदारी देणारा कायदा अमेरिकेने १९८३ मध्ये केला आणि त्याने अनेक औषधे जन्माला आली, हे नाकारता येत नाही. परंतु मक्तेदारीची किंमतही तशीच असते. जन्मतः त्वचा फुलपाखराच्या पंखाइतकी नाजूक असणाऱ्या मुलांसाठी २०२३ मध्ये तेथे जनुकीय औषधाचे मलम मान्य झाले. आठवड्याला एक लागणाऱ्या त्याच्या कुपीची जाहीर किंमत सुमारे २४ हजार डॉलर होती. शिवाय ही तरतूद नव्या औषधाला जन्म देते. जुन्या औषधाचा स्वस्त व नेमका वापर शोधण्यास ती फारशी उपयोगी नाही.

क्षय आणि कुपोषण असताना या चैनीसाठी पैसा कोठला, असे कोणी विचारील. वस्तुतः ही चैन नव्हे. उपलब्ध औषधांची तुलना करण्यास नवे औषध शोधण्याच्या मानाने फार थोडा खर्च येतो, आणि हाती आलेले ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. अशा सार्वजनिक हिताच्या वस्तूंचा भार शासनाने उचलावा, हे तर अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणाने रुग्णांना अर्थसाहाय्याची सोय केली आणि २०२२ मध्ये त्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली. हे स्वागतार्ह आहे; परंतु महाग औषध विकत घेण्यासाठी पैसा आणि स्वस्त औषध पारखण्यासाठी हात आखडता, हा हिशेब उलटा आहे.

आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णांची वाण नाही, डॉक्टरांच्या बुद्धीचीही नाही. चाचण्यांच्या नोंदणीची व्यवस्था २००७ पासून आहे आणि चाचणीत इजा झाल्यास भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांत आहे. उणीव आहे ती या महाविद्यालयांनी एक प्रश्न, एक पद्धत आणि एक नोंदवही ठरवून एकत्र काम करण्याची आणि त्यासाठी लागणाऱ्या निश्चित निधीची. गरीब रुग्णाचे अज्ञान हे संशोधनाचे भांडवल होता कामा नये, हे खरेच; पण संशोधनाअभावी तो आयुष्यभर अंदाजाने दिलेले औषध घेत राहावा, हाही न्याय नव्हे. ज्याच्या गरजेला बाजारात भाव नाही, त्याची दखल घेणे एवढ्यासाठीच तर शासनसंस्था अस्तित्वात आहे.