हरणाच्या शिकारीसाठी रायफल आणि काडतुसाची निवड

हरणाच्या शिकारीसाठी रायफल निवडणे म्हणजे मुख्यतः तिच्यात वापरावयाच्या काडतुसाची निवड करणे होय. प्रस्तुत लेख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या परवानाधारक शिकारीविषयी आहे. भारतात चितळ, सांबर, भेकर इत्यादींच्या शिकारीस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा वन्यजीव विभाग हंगाम व मर्यादा ठरवून परवाने देतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसे यांवरील ११ टक्के अबकारी कर राज्यांतील वन्यजीव संवर्धनाकडे वळविला जातो. मराठीत ‘हरीण’ हा शब्द काळवीट व चिंकारा यांनाही सर्रास लावतात. वास्तविक ते कुरंग होत. येथे दरवर्षी गळून पुन्हा उगवणाऱ्या, भरीव व फाटे फुटलेल्या शिंगांचा प्राणी अभिप्रेत आहे.

नावांचा घोळ

कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास. अमेरिकेत तो बहुधा इंचाच्या अंशांत सांगतात. परंतु काडतुसांच्या नावांना एकच असा नियम नाही. .३०-३० विंचेस्टर (१८९५) यातील दुसरा ‘३०’ हा आकडा धूरविरहित दारूचे ग्रेनमधील वजन दाखवितो, तर .३०-०६ स्प्रिंगफिल्ड यातील ‘०६’ हे १९०६ हे साल आहे, त्या वर्षी ते काडतूस अमेरिकन लष्कराने स्वीकारले. .३०८ विंचेस्टर (१९५२) मध्ये प्रत्यक्ष गोळीचा व्यास नावात आला आहे. या तिन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच, सुमारे ७.८ मिलिमीटर, भेद आहे तो पुंगळीच्या आकारात आणि दारूच्या प्रमाणात. .२७० विंचेस्टरच्या (१९२५) गोळीचा व्यास तर .२७७ इंच आहे. म्हणून केवळ व्यास पाहून काडतूस घेणे धोक्याचे ठरते. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे.

किती शक्ती पुरेशी?

गोळीची ऊर्जा तिचे वजन व वेग यांवर अवलंबून असते. नळीच्या तोंडाशी .२४३ विंचेस्टर (१९५५) व .३०-३० यांची ऊर्जा साधारण २,६०० ज्यूल, .३०८ ची ३,६०० ज्यूल, तर .३०० विंचेस्टर मॅग्नमची (१९६३) सुमारे ४,७०० ज्यूल भरते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि १,७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल, ऊर्जा सक्तीची केली आहे. याचा अर्थ वरीलपैकी सर्वांत मवाळ काडतूसही ती अट पूर्ण करते. प्रौढ पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे वजन क्वचितच सव्वाशे किलोच्या पुढे जाते. तेव्हा दुकानात रंगणाऱ्या ‘कोणते काडतूस अधिक जोरकस’ या वादाला फारसा अर्थ उरत नाही.

हरीण लवकर मरते ते गोळी हृदय व फुप्फुसे यांत बसल्यामुळे. हे लक्ष्य साधारण २० सेंटिमीटर व्यासाचे असते. गोळी पोटात किंवा पायाला लागली, तर प्राणी झाडीत पळून जातो आणि तासन्‌तास यातना भोगून मरतो, अनेकदा सापडतही नाही. मग काडतूस कितीही मोठे असो. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत शेकडो हत्ती ७ मिलिमीटरच्या मानाने लहान काडतुसाने मारले. ते अनुकरणीय नव्हे, पण अचूकतेचे महत्त्व त्यातून कळते.

अचूकतेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खांद्याला बसणारा धक्का. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का .२४३ च्या दुपटीहून अधिक असतो. तो सोसत नसला की नेमबाज चाप ओढण्यापूर्वीच नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम चुकतो. नवख्यांना .२४३, ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमोर सुचवितात ते याचसाठी. क्रीडमोर २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी निघाले आणि सौम्य धक्क्यामुळे शिकाऱ्यांमध्येही रुजले.

गोळीची घडण

हा विषय कॅलिबरहून महत्त्वाचा असूनही त्याकडे कमी लक्ष दिले जाते. शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उमलावी लागते. पूर्ण धातूवेष्टित लष्करी गोळी अरुंद जखम करून आरपार जाते, म्हणून अनेक राज्यांत ती शिकारीस निषिद्ध आहे. उलट अतिवेगवान, पातळ वेष्टनाची गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी आहे. मागे टाकलेल्या आतड्यांतील शिशाचे कण खाऊन कॉन्डर पक्ष्यांना विषबाधा होत असे. पर्यायी तांब्याची गोळी त्याच वजनाला अधिक लांब होते, त्यामुळे ती आपल्या नळीतील आट्यांच्या पिळाला मानवते की नाही, हे नेमबाजीच्या मैदानावर तपासावे लागते.

रायफल व नियम

दाट जंगलात हरीण शंभर मीटरच्या आत दिसते. तेथे आखूड, लिव्हरची रायफल सोयीची, आणि विंचेस्टर मॉडेल १८९४ व .३०-३० ही जोडी त्यामुळेच टिकून राहिली. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक राहतात. टोकदार गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या टोपीवर टेकून स्फोट होऊ शकतो, म्हणून बोथट गोळ्या वापरतात. मोकळ्या माळरानावर बोल्टची रायफल व दुर्बीण यांना पर्याय नाही.

नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोत किमान .२४ इंच व्यास लागतो, व्हर्जिनियात .२३ इंच चालतो. ओहायोत बाटलीसारख्या निमुळत्या गळ्याची नेहमीची रायफल काडतुसे चालत नाहीत. तेथे सरळ पुंगळीची काडतुसे वापरतात. .३५० लेजंड (२०१९) हे अशा राज्यांसाठीच निघालेले काडतूस.

खरेदीनंतर दुर्बिणीचा नेम त्याच काडतुसावर जुळवावा लागतो, जे हंगामात वापरायचे आहे. गोळीचे वजन किंवा केवळ कंपनी बदलली तरी शंभर मीटरवर गोळी काही सेंटिमीटर सरकू शकते आणि नेम पुन्हा जुळवावा लागतो.