श्रमजन्य मूत्रस्राव : शस्त्रकर्माविना उपचार

खोकताना, शिंकताना वा भरलेली कळशी उचलताना नकळत मूत्र सुटणे ही तक्रार स्त्रिया संकोचापोटी सांगत नाहीत. उलट पाणी पिणे कमी करतात. म्हणून प्रसूतीनंतर व रजोनिवृत्तीनंतर वैद्यांनीच तिची विचारपूस करावी, असे आम्हांस वाटते.

प्रसूती, स्थौल्य, जुनाट खोकला व मलावष्टंभ यांनी श्रोणितलाचे स्नायू शिथिल होतात. मग पोटातील दाब वाढताच मूत्रमार्ग मिटून राहत नाही. हा अपानाच्या क्षेत्रातील विकार खरा. तथापि केवळ काढ्याने स्नायूंस बळ येत नाही.

डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेला श्रोणितलाचा व्यायाम हाच आजही प्रथमोपचार होय. अधोवायू रोखताना होते तसे आकुंचन करावे; श्वास रोखू नये, मांड्या आवळू नयेत. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने करावीत. अश्विनी मुद्रेशी याचे साम्य असले, तरी योग्य स्नायू आकुंचन पावतो की नाही, हे प्रथम तपासून घ्यावे. जोडीस वजन घटवावे व खोकला, मलावष्टंभ यांची चिकित्सा करावी. काहींना योनीत बसविण्याची पेसरी उपयोगी पडते.

औषधविक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे, की प्राझोसिनने ही तक्रार वाढू शकते आणि रामिप्रिलने खोकला उद्भवू शकतो. अशा रुग्णेस मूत्रल औषध परस्पर देऊ नये. मूत्रात रक्त, वेदना वा मूत्रावरोध आढळल्यास तिला विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.