थंडी उशिरा येते, ओल लवकर सरते : उपनगरातल्या शेतकऱ्याने काय करावे?



मुंबईत शेती आहे का, असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात. आहे, बरं का! आरेच्या पाड्यांवर भात होतो, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे पावसात नाचणी आणि रानभाजी, थंडीत वाल आणि मुळा काढतात. बोरिवलीपलीकडे गोराई-मनोरीला भात आहे, भाजी आहे, माड आहेत. घाटकोपर-मुलुंडकडे रेल्वेच्या कडेला भाजीचे वाफे दिसायचे. जमीन थोडी आहे, पण तिच्यावर घराचे मीठ-मिरची चालते. म्हणूनच हवा बदलली तर ते आधी या लोकांना कळते.

जुनी माणसे काय सांगतात

पाड्यावरच्या वयस्क माणसांना थंडीबद्दल विचारा. बहुतेकांचे सांगणे एकच असते. पूर्वी दिवाळी आली की अंगणात शेकोटी पेटायची, ती थेट शिवरात्रीपर्यंत. पहाटे गवतावर इतके दव असायचे की चालताना पाय भिजायचे. आता दिवाळीत घाम येतो. थंडी डिसेंबरच्या मध्यावर कुठे तोंड दाखवते, चार दिवस राहते, जाते, परत येते. आणि फेब्रुवारी संपायच्या आतच दुपारची झळ लागते.

पाण्याबद्दलही तसेच. ओढा होळीपर्यंत वाहायचा, आता संक्रांतीलाच त्याची डबकी होतात, असे ते म्हणतात.

यात आठवणीचा भाग किती आणि हवेचा किती, हे पाहिले पाहिजे. पूर्वी घरे कारवीच्या कुडाची, वर गवत किंवा कौले. वारा आरपार जायचा. आज भिंत विटांची आहे, आजूबाजूला इमारती आहेत. त्यामुळे तीच थंडी कमी लागते, हेही खरे. पण वाल आणि आंबा काही घरात राहत नाहीत. त्यांना जे कळते ते हवेतलेच असते.

नोंदी काय सांगतात

मुंबईत हवामान खात्याच्या दोन मुख्य वेधशाळा आहेत, एक कुलाब्याला, दुसरी सांताक्रूझला. उपनगराला सांताक्रूझची नोंद जवळची. तिथला सर्वांत कमी पारा २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला, ७.४ अंश सेल्सिअस. त्या थंडीची गोष्ट जुनी माणसे सांगतात ती उगाच नाही.

पण पुढेही कडक थंडी आलेली आहे. २००८ आणि २०१२ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत सांताक्रूझचा पारा १० अंशांखाली गेला होता. म्हणजे थंडी संपली असे नाही. तिचा भरवसा गेला आहे. कधी येईल, किती दिवस राहील, याचा अंदाज पूर्वीसारखा बांधता येत नाही.

पावसाचे तर उघडच आहे. २०२० साली हवामान खात्याने पाऊस येण्या-जाण्याच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परत जाण्याची तारीख पूर्वी सप्टेंबरअखेरची होती, ती आता ८ ऑक्टोबर धरतात. येण्याची तारीख ११ जून. पण २०२३ साली पाऊस आला २५ जूनला, आणि २०२५ साली २६ मे रोजीच. दोन वर्षांत एवढा फरक! त्यातच २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आणि २०२१ च्या १ डिसेंबरला अवकाळी पाऊस, असे ऐन थंडीत पाणी पडले.

थंडी येते कुठून?

आपली थंडी इथली नव्हे, ती पाहुणी आहे. हिमालयात बर्फ पडते, मग उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान-गुजरातवरून खाली उतरतो. तो नीट वाहिला की मुंबईला थंडी. आभाळ स्वच्छ असेल तर रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि पहाट गार होते. ढग आले की जणू जमिनीवर गोधडी पडते, ऊब आतच राहते. समुद्राकडून वारा आला तरी पारा चढतो. कुलाब्याला तीन बाजूंनी पाणी, म्हणून तिथली पहाट सांताक्रूझपेक्षा उबदार असते. आरे, पवई, बोरिवलीकडे झाडी आणि डोंगर, म्हणून तिथे गारवा जास्त.

डांबर आणि सिमेंट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर सोडतात. वस्ती जसजशी डोंगराला भिडली तसतशी रात्रीची हवा तापली. शिवाय साऱ्या जगाचेच तापमान वाढते आहे. ही दोन्ही कारणे आपल्या शेताच्या बांधापर्यंत पोचलेली आहेत.

पाऊस भरपूर, मग दुष्काळ कसला?

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, घाटावरून उठून मुंबईला आलेली माणसे उपनगरांत पुष्कळ आहेत. त्यांना हा आकडा सांगितला तर ती हसतील. त्यांच्या गावी याच्या चौथ्या हिश्शावर पीक काढतात.

पण इथला दुष्काळ निराळा आहे. पाऊस पडतो आणि निघून जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७० ते ८० मिलिमीटर. तो सारा लोंढा मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांतून समुद्राला गेला. शेताला त्याचा काय उपयोग झाला? उलट वाफे खरवडले गेले. जोराने पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही. डोंगराच्या उतारावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. ओल धरायला जागाच थोडी. मग जानेवारीत ओढा आटतो आणि आपण म्हणतो, दुष्काळ पडला.

२००९ साली पाऊस कमी झाला तेव्हा सगळ्या शहराला पाणीकपात सोसावी लागली. नळ असलेल्याचे हे हाल, तर ओढ्यावर वाफा असलेल्याचे काय झाले असेल!

आता शेतीचे बोलू

भात : इथे एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. फार हळवे भात सप्टेंबरअखेर पिकते. पाऊस लांबला की ते शेतातच भिजते, लोंबीला मोड येतात. गरवे भात नोव्हेंबरपर्यंत उभे राहते, तोवर जमिनीतली ओल तेच पिऊन टाकते आणि मागच्या वालाला काही उरत नाही. म्हणून ज्याला थंडीत दुसरे पीक घ्यायचे आहे त्याने खोलगट शेतात साधारण १२० ते १३० दिवसांचे निमगरवे भात धरावे. वरकस, उथळ जमिनीत मात्र हळवेच बरे, कारण तिथे ओल टिकत नाही. सगळे शेत एकाच जातीचे करू नका. एक भिजले तर दुसरे हाती लागेल. कापणीच्या वेळी आकाशवाणीवरचा हवामानाचा अंदाज ऐका, आणि कापलेले भात जमिनीवर पसरून न ठेवता उंचवट्यावर रचा.

वाल : वाल हे दवावरचे आणि ओलीवरचे पीक. भात निघाले की आठ दिवसांच्या आत वाल जमिनीत गेला पाहिजे. उशीर झाला तर दोन्हीकडून मार बसतो. खालची ओल सरलेली असते, आणि फूल धरायच्या वेळी फेब्रुवारीचे ऊन आलेले असते. फूल गळते, शेंग भरत नाही.

वेळ आणि ओल दोन्ही वाचवायचा एक उपाय आहे : नांगरट करू नका. भाताची खुंटे तशीच ठेवून दोन बोटे खोल टोकणी करा. नांगराने माती उलटली की ओल वाऱ्याला मिळते. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर भात टोकून, त्याच वाफ्यावर न नांगरता वाल घेण्याची पद्धत रुजवली. भाताची मुळे जमिनीतच कुजतात, जमीन भुसभुशीत राहते. आपल्याकडे एक-दोन गुंठ्यांवर आधी करून पाहा, मग वाढवा.

ढगाळ हवा आली की वालावर मावा पडतो. शेंडे चिकट दिसले की समजावे. अर्धा किलो निंबोळीचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एकूण १० लिटर करावा. त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारावा.

पालेभाजी : ऊबदार थंडीत पालक लवकर दांड्यावर येतो, मुळा तिखट आणि जाळीदार होतो. एकदम सगळे बी टाकू नका. दर दहा दिवसांनी एकेक वाफा पेरा. एक वाफा उन्हात सापडला तरी पुढचा-मागचा वाचतो. वाफ्यांवर भाताचा पेंढा किंवा वाळका पाला दोन बोटे जाड पसरा. ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो : पाणी नाही म्हणून गटाराचे पाणी पालेभाजीला देऊ नका. ती भाजी कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते, आपल्याही जाते.

पाणी : हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या घराचे छप्पर ३० चौरस मीटर असेल आणि १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर ३,००० लिटर पडले. एक गुंठा भाजीला कोरड्या दिवसांत रोज साधारण ४०० लिटर लागते. म्हणजे आठवडाभराचे पाणी छपरावरून वाहून गेले! पन्हळ लावून ते टाकीत घ्या. परतीच्या पावसाचे पाणी थंडीत उपयोगी पडते, म्हणून सप्टेंबरअखेर टाकी धुऊन रिकामी ठेवा आणि शेवटच्या सरींनी भरा. तोंड झाका, नाही तर डास होतील.

ओढ्यावर पाऊस संपतासंपता, धार बारीक झाली की, माती भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा घालता येतो. दहा माणसांचे एक दिवसाचे काम आहे. त्याने शेजारच्या विहिरीची पातळी टिकते. मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा सरकारी हद्दीत काही करण्याआधी त्या खात्याची परवानगी घ्या.

गोराई-मनोरीच्या विहिरी : खाडीकाठी जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दुधावर साय असते तसे. पंप लावून एका दमात विहीर उपसली की साय संपते आणि खालून खारे वर येते. एकदा आलेले खारे पुढच्या पावसाशिवाय जात नाही. म्हणून थोडे थोडे, सकाळ-संध्याकाळ उपसा. एप्रिल-मे मध्ये पाणी चाखून पाहा. मचूळ लागले तर भाजीला देणे थांबवा, माडाला चालेल.

आंबा : मोहोर यायला रात्रीचा गारवा सलग काही दिवस लागतो. थंडी तुटक आली की मोहोरही तुटक येतो, एकाच झाडावर कैरी आणि मोहोर दोन्ही दिसतात. त्यात ढग आले तर तुडतुडे आणि भुरी. झाडाखालचा कचरा काढा, दाट फांद्या विरळ करा, ऊन आत जाऊ द्या. औषध मारण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला मोहोर दाखवा.

म्हशी : आरेची दुग्धवसाहत १९४९ ची. म्हशीला काळी कातडी आणि घाम थोडा, म्हणून ऊन तिला लवकर बाधते. फेब्रुवारीत दुपार तापू लागली की मार्चची वाट न पाहता दुपारी अंगावर पाणी मारा, वैरण सकाळी लवकर आणि रात्री द्या.

महिन्याची आठवण

सप्टेंबर : टाकी धुवा, पन्हळ दुरुस्त करा.
ऑक्टोबर : अंदाज ऐकून भात कापा, लगेच वाल टोका, ओढ्याला बंधारा घाला.
नोव्हेंबर-डिसेंबर : टप्प्याने भाजी पेरा, पेंढा पसरा, अवकाळीचा निरोप ऐकला की वाफ्याचे चर मोकळे करा.
जानेवारी : वालावर मावा, आंब्यावर तुडतुडे, रोज नजर ठेवा.
फेब्रुवारी : पाण्याची पाळी पहाटे द्या, गुरांना सावली करा.

एक काम मुलांना सांगा. एक जुनी वही घ्या आणि त्यात तारीखवार लिहा : पहिले दव कधी पडले, शेकोटी कधी पेटली, ओढ्याची धार कधी तुटली, पहिला मोहोर कधी दिसला. सांताक्रूझची वेधशाळा सांताक्रूझचा पारा सांगते, तुमच्या पाड्याचा नाही. आजोबांना आठवते ते त्यांच्याबरोबर जाईल, वहीतले राहील. पाच वर्षांची वही झाली की वाल कधी टोकावा हे तुमचे तुम्हांला कळेल.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आणि तुमच्याकडे यंदा थंडी कधी आली, ते पोस्टकार्डावर आम्हांला जरूर कळवा.