बुटकेपणा आणि खुरटलेली वाढ : उंची एक, निदाने वेगळी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत बुटकेपणाची व्याख्या नेमक्या आकड्यात दिली आहे. वैद्यकीय अथवा जनुकीय स्थितीमुळे प्रौढ व्यक्तीची उंची १४७ सेंटिमीटर (४ फूट १० इंच) किंवा त्याहून कमी राहणे, म्हणजे बुटकेपणा. १९९५ च्या कायद्यातील सात अपंगत्वांत त्याचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. नव्या कायद्यातील २१ प्रकारांत तो चलनविषयक दिव्यांगत्वाखाली येतो. परीक्षार्थींच्या लक्षात आकडा राहतो, पण व्याख्येतील 'वैद्यकीय अथवा जनुकीय स्थितीमुळे' ही अट सुटते. वस्तुतः सारा अर्थ त्या अटीतच आहे.

बुटकेपणाचे सर्वाधिक आढळणारे जनुकीय कारण म्हणजे अकॉन्ड्रोप्लेझिया. सुमारे २५,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. एफजीएफआर-३ या जनुकातील बदल त्यास कारणीभूत असल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. हे जनुक हाडांच्या लांबीवाढीला आवर घालते. बदलामुळे हा आवर अतिरेकी होतो आणि वाढीच्या टोकांवरील कूर्चेचे हाडात रूपांतर मंदावते. परिणामी दंड व मांड्या आखूड राहतात, धड जवळपास सामान्य असते, डोके मोठे दिसते. पाय बाकदार होणे, मणक्याची पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जूवर दाब येणे, झोपेत श्वास अडखळणे व कानाचे वारंवार संसर्ग हे त्याचे अन्य परिणाम होत. बुद्धीवर परिणाम होत नाही. अशा बालकांपैकी सुमारे ८० टक्के सामान्य उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. तेव्हा घराण्याला, विशेषतः आईला, दोष देण्याच्या रूढीस शास्त्रीय आधार नाही.

पीयूषिका ग्रंथीतील वाढ-संप्रेरकाच्या कमतरतेने येणारा बुटकेपणा निराळा. त्यात शरीर प्रमाणबद्ध असते. हाडांची वाढ थांबण्यापूर्वी निदान झाल्यास संप्रेरक देऊन उंची वाढविता येते. म्हणूनच शाळेतील उंचीची नियमित नोंद महत्त्वाची ठरते.

कारण ओळखण्यात घोटाळा कसा होतो, हे कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात दिसून आले. सागर तालुक्यातील हंदिगोडू गावी १९७०च्या दशकाच्या मध्यास गरीब दलित कुटुंबांत सांध्यांचा विकार आढळला. काहींमध्ये बुटकेपणाही होता. प्रथम संशय भातखाचरांतील कीटकनाशकांवर आणि तेथील खेकडे खाण्यावर गेला. पुढील अभ्यासांतून हा विकार आनुवंशिक असल्याचे पुढे आले.

याउलट, लाखो बालकांची उंची कमी राहते ती जनुकांमुळे नव्हे. वयाच्या मानाने उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यक प्रमाणापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असल्यास वाढ खुरटलेली मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय बालके या गटात मोडतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२, तर कर्नाटकात ३५.४ टक्के आहे. दरडोई उत्पन्नात आघाडीवर असलेल्या दोन राज्यांची ही स्थिती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य नोंदवावी.

मातेचे कुपोषण, वारंवारचे अतिसार आणि निकृष्ट आहार ही त्यामागील कारणे. आहाराच्या संदर्भात बंगळुरूतील कोरमंगला येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुरा कुरपाड व सहकाऱ्यांचे संशोधन मोलाचे आहे. लायसिन या अमिनो आम्लाची प्रौढांची गरज १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे दररोज १२ मिलिग्रॅम होती. भारतीय प्रौढांवरील त्यांच्या प्रयोगांत ती ३० मिलिग्रॅमच्या आसपास निघाली आणि २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने ३० हाच आकडा स्वीकारला. तांदूळ-गव्हात लायसिन कमी, डाळी व दुधात अधिक. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क आहे. डाळीचा त्यात समावेश नाही.