चहातली पुडी

‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात मुरगूडहून कोल्हापूरला एसटीनं जाताना कुठल्या ना कुठल्या भिंतीवर दिसतेच. पुडी आणायची, मालकाच्या चहात मिसळायची, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. गांजलेल्या बाईला हा मार्ग सोपा वाटला तर तिला दोष देववत नाही. पण पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही, गोची तिथंच आहे.

या कामाची जुनी गोळी म्हणजे डायसल्फिराम. डेन्मार्कचे हाल्ड आणि याकोबसेन जंतांवर औषध शोधत होते. गोळी स्वतःच घेऊन पाहिली, वरून दारू प्यायले आणि आजारी पडले. १९४८ साली त्यांनी तिचा हा गुण जगापुढे मांडला. आपलं यकृत दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य करतं, मग त्याचा निकाल लावतं. गोळी हे दुसरं काम अडवते. विष रक्तात साचतं, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी घेतोय हे ज्याला ठाऊक आहे तो ग्लासाला हात लावत नाही. औषधाचा जोर त्या ठाऊक असण्यातच आहे. ठाऊक नसलेला संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. आसवं-अरिष्टं, खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं, तीसुद्धा चालत नाहीत.

‘चार दिवस कोंडून ठेवा, सुटेल’ हा दुसरा समज. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं लागलं’, आणि देवऋषी गाठतात. गाठायचा असतो दवाखाना. तिथं क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देऊन डोस हळूहळू उतरवतात, थायमिनचं इंजेक्शन देतात.

‘गोळी म्हणजे दुसरी नशाच की!’ हा तिसरा समज. दारूवरच्या नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट या गोळ्यांनी नशा येत नाही. त्या पिण्याची ओढ कमी करतात. प्रश्न रास्त आहे तो ब्युप्रेनॉर्फिनबद्दल. हेरॉइनसारख्या अफूजन्य व्यसनावरची, जिभेखाली ठेवायची ही गोळी त्याच गोत्रातली. पण तिचा परिणाम एका मर्यादेपलीकडे चढत नाही. तळमळ थांबते, माणूस कामाला जातो. तरी ती देखरेखीखालीच, महिनोन्‌महिने देतात. नाल्ट्रेक्सोन मात्र अफूजन्य नशा चालू असताना घेतली तर तळमळ एकदम उसळते.

व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे १४४४६. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे.

आणि डायसल्फिराम योग्य माणसाला द्यायची ठरलीच, तर डॉक्टर बहुधा बायकोलाही बोलावतात. सकाळी चहाबरोबर गोळी तिनंच द्यायची, पण त्याच्या तळहातावर, त्याला दिसेल अशी.