४३ अर्धवट प्रोजेक्ट आणि फक्त २ गाणी: होम स्टुडिओतलं सामान मी कमी का केलं?

मागच्या दिवाळीत साफसफाई करता करता लॅपटॉपमधलं म्युझिकचं फोल्डर उघडून बसलो आणि सहज मोजलं. चार वर्षांत सुरू केलेले प्रोजेक्ट ४३. पूर्ण झालेली गाणी २. ती दोन्ही पहिल्या वर्षातली. तेव्हा माझ्याकडे एक फोन, वायरचे इअरफोन आणि काकांनी दिलेला जुना कीबोर्ड एवढंच होतं.

नंतर काय काय आलं? ऑडिओ इंटरफेस, दोन कंडेन्सर माइक, ६१ कीजचा मिडी कीबोर्ड, प्रवासात नेता यावा म्हणून २५ कीजचा आणखी एक, पॅड कंट्रोलर, एक सेकंडहँड सिंथ, मॉनिटर स्पीकर, तीन हेडफोन आणि सेलमध्ये घेतलेले ढीगभर प्लगइन. काही वस्तू हप्त्यांवर. खोली मात्र तीच, दहा बाय दहाची.

तुम्हीही फोनवर किंवा लॅपटॉपवर गाणी बनवत असाल आणि ‘अजून एक माइक घेतला की काम जमेल’ असं वाटत असेल, तर खरेदीच्या आधी हे वाचा.

एक ट्रॅक, जो मी दिलाच नाही

कॉलेजच्या मित्राने एका स्पर्धेसाठी शॉर्ट फिल्म केली होती. ९ मिनिटांची. पार्श्वसंगीत मी करणार असं ठरलं होतं आणि माझ्याकडे तीन आठवडे होते. पहिला आठवडा तंतुवाद्यांची नवी साउंड लायब्ररी डाउनलोड करण्यात आणि ऐकण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात इंटरफेसचा ड्रायव्हर अपडेट केला, तर आवाज तुटायला लागला. तिसऱ्या आठवड्यात प्रोजेक्टमध्ये ६० च्या वर ट्रॅक झाले आणि लॅपटॉप हँग व्हायला लागला.

शेवटच्या रात्री त्याचा फोन आला. “अरे, ट्रॅक कुठंय? बारापर्यंत अपलोड करायचंय.”

“फक्त अर्धा तास दे,” मी म्हणालो.

तो अर्धा तास संपलाच नाही. त्याने इंटरनेटवरचं फुकटचं संगीत लावून फिल्म पाठवली. माझ्यावर चिडला नाही, पण पुढच्या फिल्मच्या वेळी त्याने मला विचारलंही नाही. ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं.

जास्त सामानाने नेमकं काय होतं?

पहिली गोष्ट, निवडी वाढतात. समजा तुमच्याकडे २०० ड्रम साउंड आहेत. चाल डोक्यात ताजी असते तेव्हा तुम्ही ते २०० आवाज ऐकत बसता. दहाव्या आवाजानंतर कान थकतो आणि चाल विसरायला होते.

दुसरी, प्रत्येक वस्तू देखभाल मागते. ड्रायव्हर, केबल, लायसन्स, अपडेट, स्टोरेज. दोन तास मोकळे असतील तर त्यातले चाळीस मिनिटं केबल लावण्यातच जातात.

तिसरी, निर्णय पुढे ढकलायची सवय लागते. सॉफ्टवेअरमध्ये कितीही ट्रॅक घेता येतात, म्हणून आपण गाण्याचे आठ टेक ठेवून देतो. ‘नंतर बघू कुठला चांगला.’ ते ‘नंतर’ येत नाही.

जुन्या काळात हे निर्णय मशीनच घ्यायला लावायचं. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’ अल्बम चार ट्रॅकच्या टेप मशीनवर तयार झाला. जागा संपली की भरलेले ट्रॅक दुसऱ्या मशीनवर एकत्र उतरवायचे आणि पुढचं वाद्य घ्यायचं. एकदा एकत्र केलेला आवाज पुन्हा वेगळा करता येत नव्हता. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर नमुना म्हणून रेकॉर्ड केला होता. नंतर तीच गाणी बँडसोबत करून पाहिली, पण शेवटी प्रसिद्ध झालं ते घरचं रेकॉर्डिंग.

आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर केंड्रिक लमारच्या २०१७ च्या ‘डॅम’ अल्बममधलं ‘प्राइड’ हे गाणं घ्या. त्याचं मूळ संगीत स्टीव्ह लेसीने आयफोनवरच्या गॅरेजबँड अॅपमध्ये बांधलं होतं. फोन घेतला की आपण लेसी होत नाही, हे खरं. पण सामान कमी आहे म्हणून गाणं होत नाही, हे कारण मात्र उरत नाही.

मी सामान कसं कमी केलं?

१. तीन ढीग केले. गेल्या ३० दिवसांत वापरलेलं, गेल्या सहा महिन्यांत वापरलेलं आणि शेवटचं कधी वापरलं ते आठवतही नाही असं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला.

२. दुसरा आणि तिसरा ढीग खोक्यात भरला, खोक्यावर तारीख लिहिली आणि माळ्यावर टाकला. नियम एवढाच की गाणं करताना खरंच अडलं तरच खोकं खाली काढायचं. महिनाभरात मी एकच वस्तू खाली आणली, माइकचा साधा स्टँड. त्याची किंमत सगळ्यात कमी होती.

३. विकायची घाई करू नका. इथे मी चुकलो. सिंथ लगेच विकला आणि त्यातल्या एका बेसच्या आवाजाची आजही आठवण येते. तीन महिने थांबा, मग ठरवा. पॅड कंट्रोलर, छोटा कीबोर्ड आणि एक माइक मात्र विकल्याचं वाईट वाटलं नाही. त्या पैशांत उरलेले हप्ते फिटले.

४. प्लगइन लपवले. सॉफ्टवेअरमध्ये एक रिकामा टेम्प्लेट बनवला. त्यात एक पियानो, एक बेस, एक ड्रम किट, एक तंतुवाद्य आणि इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब प्रत्येकी एक. बाकीचे प्लगइन आहेत, पण समोर दिसत नाहीत.

५. ट्रॅकची मर्यादा आठ. नववा हवा असेल तर आधीचे दोन एकत्र करायचे. यासाठी सॉफ्टवेअरमधला ‘बाउन्स’ पर्याय वापरा. मिडी ट्रॅकची ऑडिओ फाइल होते, लॅपटॉपवरचा भार कमी होतो आणि निर्णयही पक्का होतो.

आज टेबलावर लॅपटॉप, इंटरफेस, एक माइक, एक कीबोर्ड आणि एक वायरचा हेडफोन एवढंच आहे.

फक्त फोन असेल तर?

मग तुम्ही पुढेच आहात, कमी करण्यासारखं काही नाहीच. आयफोनवर गॅरेजबँड मोफत मिळतं. अँड्रॉइडवर बँडलॅब मोफत सुरू करता येतं, एफएल स्टुडिओ मोबाइल विकत घ्यावं लागतं. एकच अॅप निवडा आणि तीन गाणी होईपर्यंत बदलू नका. सोबत एवढं सांभाळा:

• रेकॉर्डिंग करताना ब्लूटूथ इअरफोन नको. त्यात आवाज १०० ते २०० मिलिसेकंद सहज उशिरा पोचतो आणि तुम्ही तालाच्या मागे पडता. वायरचे साधे इअरफोन घ्या.
• लॅपटॉपवर आवाज उशिरा ऐकू येत असेल तर बफर साइज बघा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर, १२८ चा म्हणजे तीनपेक्षाही कमी. प्रत्यक्षात आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा उशीर होतो. म्हणून गाताना बफर कमी ठेवा आणि मिक्स करताना वाढवा.
• आवाजाची पातळी लाल रंगापर्यंत नेऊ नका. सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तर पुरे. फाटलेला आवाज नंतर नीट करणं फार अवघड असतं.
• पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा तिरका. समोर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा किंवा मागे गोधडी टांगा. रिकाम्या खोलीत महागडा माइकही घुमतोच.
• जागा मोकळी ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या मोनो वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात.

मग नवीन काही घ्यायचंच नाही का?

घ्या, पण गाणं अडल्यावर. तबल्याला आणि डग्ग्याला वेगळे माइक लावायचे असतील तर दोन इनपुटचा इंटरफेस लागतोच. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती फोनच्या जॅकमधून मिळत नाही. अशा वेळी खरेदी बरोबरच आहे. खरेदीआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ‘या वस्तूशिवाय अडलेलं गाणं कोणतं?’ गाण्याचं नाव सांगता आलं नाही, तर खरेदी नाही.

शेवटी काय झालं?

खोकी माळ्यावर गेल्यापासून सात महिन्यांत माझी पाच गाणी पूर्ण झाली. सगळी भारी आहेत असं नाही. दोन तर कुणाला ऐकवणारही नाही. पण ती संपली आहेत, आणि सहावं सुरू करताना पाचव्यात काय चुकलं ते मला माहीत असतं. अर्धवट प्रोजेक्टमधून हे कधी कळलं नव्हतं.

चौथं गाणं, दोन वाद्यांचं आणि तीन मिनिटांचं, मी त्या मित्राला न विचारता पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, “हे पूर्ण झालंय की अजून काम बाकी आहे?”

“पूर्ण झालंय,” मी लिहिलं.

रविवारी तो घरी आला. पेन ड्राइव्हमध्ये ६ मिनिटांची नवी फिल्म होती, आवाजाशिवाय.